शेतकऱ्यांचे आचार्य पांडुरंग खानखोजे

पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर टेंभुर्णी हे गाव लागते. या भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या रब्बी ज्वारी पिकवीत आले. पीक हाती आले, की टपोऱ्या दाण्यांची कणसे निवडून ती पुढील पेरणीसाठी वेगळी राखावयाची, ही त्यांची जुनी रीत होय. या रीतीला शास्त्राची जोड मिळाली, तेव्हा याच रस्त्यावर पुढे असलेल्या मोहोळ येथील संशोधनकेंद्रात १९३० नंतरच्या दशकात मालदांडी ज्वारीचे सुप्रसिद्ध वाण निवडले गेले. त्याच काळात सातासमुद्रांपलीकडील मेक्सिको देशात एक मराठी गृहस्थ तेथील शेतकऱ्यांसाठी मक्याची नवी वाणे तयार करीत होते. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्धा येथे झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण वर्ध्यास व पुढील शिक्षण नागपूरला झाले. त्यांच्या बालपणी मध्य प्रांतावर लागोपाठ दोन भीषण दुष्काळ कोसळले. अन्नावाचून असंख्य माणसे दगावली. देश परतंत्र होता आणि शेतकरी निराधार होता. अशा काळात वाढलेल्या या तरुणाच्या मनावर लोकमान्य टिळकांच्या विचारांचा खोल ठसा उमटला. सशस्त्र लढ्यावाचून स्वातंत्र्य मिळणार नाही, असे त्यांना वाटू लागले. युद्धविद्या शिकण्यासाठी परदेशी जाण्याचा त्यांनी निश्चय केला आणि १९०६ च्या सुमारास मायभूमी सोडली.

प्रथम ते जपानला गेले व तेथून अमेरिकेस पोहोचले. जवळ द्रव्य नव्हते. पडेल ते काम करून पोट भरावे आणि शिकावे, असा त्यांचा क्रम होता. कॅलिफोर्नियातील एका लष्करी विद्यालयात त्यांनी शस्त्रविद्येचे शिक्षण घेतले. परंतु एवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतकी हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ऑरेगन संस्थानातील कृषी महाविद्यालयात आणि त्यानंतर वॉशिंग्टन संस्थानातील पुलमन येथील महाविद्यालयात त्यांनी या शास्त्राचे उच्च शिक्षण पूर्ण केले. एकीकडे हे अध्ययन चालू असताना दुसरीकडे ते अमेरिकेतील हिंदी मजुरांना स्वातंत्र्यासाठी संघटित करीत होते. १९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या आद्य कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. खानखोजे इराणात गेले आणि बलुचिस्तानच्या सीमेपर्यंत पोहोचून त्यांनी इंग्रजांशी झुंज घेतली. तो प्रयत्न फसला. इंग्रज सरकार त्यांच्या मागावर असल्यामुळे स्वदेशाचे दार त्यांना बंद झाले. आता पुढे काय करावयाचे, हा बिकट प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. हाती शस्त्र उरले नव्हते, परंतु महाविद्यालयात मिळविलेली विद्या त्यांच्यापाशी होती. ती घेऊन १९२४ साली ते मेक्सिकोत आले.

मेक्सिकोत १९१० साली मोठी राज्यक्रांती झाली होती. जमीनदारांच्या जमिनी हळूहळू कुळांच्या हाती येत होत्या. पण नुसती जमीन मिळाल्याने पीक येत नाही. त्यासाठी चांगले बी व शेतीचे ज्ञान लागते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालय तर पूर्वीच्या एका जहागिरीतच भरत असे. तेथे खानखोजे अध्यापक झाले.

मका हे मेक्सिकोचे मुख्य अन्न. आपल्याकडे जशी ज्वारीची भाकरी, तशी तिकडे मक्याची पोळी. मक्याच्या ताटाच्या शेंड्याला तुरा येतो आणि कणसाला रेशमासारखे केस फुटतात. तुऱ्यातील पराग वाऱ्याने उडून शेजारच्या ताटांच्या केसांवर पडतो. त्यामुळे चांगल्या व निकृष्ट ताटांचा आपोआप संकर होतो. चांगला गुण टिकवावयाचा असेल, तर तुरे व कणसे पिशव्यांनी झाकून निवडलेला पराग हाताने घालावा लागतो आणि पुढे अनेक हंगाम निवड करीत राहावे लागते. हे धीराचे काम आहे. मका, गहू व कडधान्ये यांवर खानखोजे यांनी वर्षानुवर्षे संशोधन केले. थंडी व पाण्याचा ताण सोसणारी वाणे शेतकऱ्याला मिळावीत, हा त्यांचा ध्यास होता.

विद्यालयाच्या भिंतींत कोंडलेली विद्या त्यांना अपुरी वाटे. म्हणून त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी विनामूल्य शेतकी शाळा काढल्या. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसालाही शास्त्र समजते, असा त्यांचा विश्वास होता. मेक्सिकोचे विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी राजधानीतील शिक्षणखात्याच्या इमारतीत एक भित्तिचित्र रंगविले. त्यात गोरगरिबांच्या पंगतीत बसून भाकरी वाटणारा जो पुरुष आहे, तो खानखोजे यांच्या चेहऱ्याचा आहे.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला. तोवर खानखोजे वृद्ध झाले होते. १९४९ साली ते मायदेशी आले, तेव्हा देश सोडल्याला चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. काही वर्षांनी ते नागपुरास कायमचे स्थायिक झाले. ज्या भूमीसाठी त्यांनी विद्या मिळविली, तिच्या सेवेला त्यांचे तारुण्य लाभले नाही. त्याचे फळ परक्या देशाला मिळाले. १९६७ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले. पुढे २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

त्यांच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षी, १९६८ साली, राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६९ साली अकोल्यास दुसरे झाले. आज टेंभुर्णीच्या शेतकऱ्याच्या मुलाला किंवा मुलीला शेतीशास्त्र शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. पण शिकलेले ज्ञान बांधापर्यंत कोणी पोहोचवावयाचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच द्यावे लागते. खानखोजे यांनी ते आपल्या आयुष्याने दिले.