कर्जातून उजळलेला सूर : हिराबाई बडोदेकर

किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका म्हणून हिराबाई बडोदेकर यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मात्र एका कुटुंबाने एकत्र येऊन चालविलेल्या नाटक मंडळीचा भार त्यांनी कसा पेलला, ही हकिकत नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही.

हिराबाईंचा जन्म १९०५ मध्ये मिरजेत झाला. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही कन्या. १९२२च्या सुमारास ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या. पाच मुलांची जबाबदारी एकट्या आईवर आली. घरात धन नव्हते, गाणे मात्र होते. थोरले बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाईंची तालीम झाली.

गाण्याच्या बळावरच संसार उभा करण्याचे ताराबाईंनी ठरविले. नूतन संगीत विद्यालय सुरू झाले आणि त्याच्या जोडीने नाटक मंडळीही उभी राहिली. सौभद्र, संशयकल्लोळ यांसारखी नाटके रंगमंचावर आली. सुरेशबाबू, हिराबाई, धाकट्या सरस्वतीबाई अशी भावंडेच त्यात गात आणि भूमिका करीत. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याचा तो काळ होता. बालगंधर्वांच्या रूपाने त्या प्रथेने कळस गाठला होता. अशा वेळी घरंदाज मुलींनी पुरुष नटांसमवेत रंगभूमीवर उभे राहणे हे मोठे धाडस होते.

परंतु नाटक कंपनीचे अर्थकारण निष्ठुर होते. खेळ होवो अथवा न होवो, बिऱ्हाडाचे जेवणखाण, साथीदारांचे पगार, पडदे, पोशाख आणि प्रवास हे खर्च चुकत नसत. अशातच १९३१ मध्ये आलम आरा हा बोलपट आला, तर पुढच्याच वर्षी अयोध्येचा राजा मराठीत बोलू लागला. प्रेक्षक तिकडे वळला. खुद्द बालगंधर्वांनाही १९३५ मध्ये प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात काम करावे लागले, तिथे लहान मंडळीचा निभाव कसा लागणार? मंडळी बंद पडली आणि मागे कर्ज उरले.

या प्रसंगी हिराबाईंनी हात झटकले नाहीत. गावोगावी मैफली करून त्यांनी हे देणे फेडले. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्री कलावंतांपैकी त्या एक. रंगमंचावर शालीनपणे बसून केवळ गाणे सादर करण्याच्या त्यांच्या रीतीने गायिकेकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलली. ध्वनिमुद्रिकांनी त्यांचा सूर घराघरांत पोहोचविला.

भावंडांची साथही सुटली नाही. सरस्वतीबाई राणे यांनी १९४३च्या रामराज्य चित्रपटासाठी पार्श्वगायन केले. पुढे दोघी बहिणींच्या जुगलबंदीला रसिकांची दाद मिळाली. सुरेशबाबू १९५३ मध्ये गेले. त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांना हिराबाईंचेही मार्गदर्शन लाभले.

१९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण हे सन्मान हिराबाईंना लाभले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. मानेंच्या मुलांची मंडळी व्यवसाय म्हणून फसली, हे खरे. पण तिचे ओझे उतरविण्यासाठी घराबाहेर पडलेल्या त्या सुराने पुढच्या अनेक गायिकांसाठी सभागृहाची दारे उघडली.