सर रोनाल्ड रॉस आणि त्यांच्या समजुती

आपल्या स्मरणिकेच्या पानांत एका परकीय लष्करी डॉक्टराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. ज्या हिवतापाने आपल्या वाडवडिलांच्या काळी कित्येक घरांतील कर्ती माणसे आणि लेकरे नेली, त्याचा उलगडा ह्याच देशात, सिकंदराबादेच्या एका लष्करी इस्पितळात झाला. तो करणाऱ्या गृहस्थाचे आयुष्य आम्ही पाहू लागलो, तेव्हा मनुष्य आधी जे गृहीत धरतो त्यावर त्याची पुढची निवड कशी ठरते, हे आम्हांस त्यात पदोपदी दिसले.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अलमोडा येथे झाला. वडील हिंदी सैन्यात अधिकारी होते. मुलाचा ओढा चित्रकला, संगीत व काव्य यांकडे. परंतु त्याने वैद्यच व्हावे हे वडिलांनी ठरवून टाकले होते. १८८१ मध्ये रॉस हिंदी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८८३ मध्ये बंगलोरला असताना आपल्या बंगल्यात डास फार, कारण खिडकीजवळच्या पिंपात अळ्या वळवळत आहेत, हे त्यांनी पाहिले. पिंप उपडे केले, डास घटले. इतरत्रही असेच करावे असे त्यांनी तेथील लष्करी अधिकाऱ्यास सुचविले. डास ही सृष्टीची योजना असून त्यात ढवळाढवळ करू नये, अशी त्या गृहस्थाची समजूत. त्याने साफ नकार दिला. त्याला हसणे सोपे आहे. पण स्वतः रॉस त्या काळी काय मानीत होते? हिवताप आतड्यांतील बिघाडाने होतो, असे! लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टराने १८८० मध्ये अल्जीरियात रोग्याच्या रक्तात ह्या तापाचे जंतू पाहिले होते. रॉस यांनी त्याविरुद्ध लेख लिहिले.

१८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते जंतू दाखविले, तेव्हा रॉस यांचे मन पालटले. हे जंतू डास वाहून नेत असावेत, अशी मॅन्सन यांची कल्पना होती. मात्र तिच्या पोटात दुसरी एक समजूत दडलेली होती. डास आयुष्यात एकदाच रक्त पितो आणि अंडी घालून पाण्यातच मरतो, असे मॅन्सन मानीत. मग जंतू माणसाच्या पोटात कसे जाणार? अर्थात् त्या पाण्यातून. १८९५ मध्ये रॉस हिंदुस्थानात परतले व त्यांनी राजी असलेल्या माणसांना मेलेल्या डासांचे पाणी पाजून पाहिले. एकाला ताप आला, इतरांना आला नाही. निष्पन्न काहीच झाले नाही. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

ह्याहून खोल रुतलेली समजूत म्हणजे डास तेवढे सारे सारखेच, ही होय. जवळपासच्या भांड्यांत व पिंपांत सहज मिळतील त्या अळ्या रॉस बाटल्यांत वाढवीत. त्यांतून निघत ते राखी आणि पट्टेदार डास. त्यांना हिवतापाच्या रोग्यांचे रक्त पाजायचे, मग एकेकाला चिरून तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. पंखा चालू केला तर चिरलेले डास उडून जात, म्हणून दख्खनच्या उन्हाळ्यात तोही बंद. असे सुमारे दोन वर्षे चालले. श्रमांत कसूर नव्हती. चुकला होता तो डास.

ऑगस्ट १८९७ मध्ये एका मदतनिसाने निराळ्याच अळ्या आणल्या. त्यांतून तपकिरी, पंखांवर ठिपके असलेले, बसताना मागचा भाग उंच धरणारे डास निघाले. हुसेन खान नावाच्या रोग्यास दर डासामागे एक आणा देऊन त्याचे रक्त त्यांना पाजण्यात आले. त्या डासांपैकी थोडेच उरले असता, २० ऑगस्ट रोजी एकाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूंचा काळा रंग असलेल्या गोल पेशी रॉस यांना दिसल्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात त्या अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या. म्हणजे जंतू डासाच्या शरीरात वाढत होते.

लगेच सप्टेंबरात सरकारने त्यांची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला केली! १८९८ मध्ये ते कलकत्त्यास आले, तो तेथे प्लेगच्या लशीची धास्ती पसरलेली. बोटाला सुई टोचणारा डॉक्टर प्लेगचाच असणार, असे धरून लोक पळत. माणसे मिळेनात म्हणून रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले, आणि गंमत पाहा, चिमण्यांच्या बाबतीत खरा ठरला तो पूर्वी टाकून दिलेला राखी डासच. त्याच वर्षी जुलैत जंतू त्याच्या लालापिंडांत सापडले. पाण्याची कल्पना गळून पडली. डासाचा दंश हाच मार्ग ठरला. त्याच वर्षअखेर माणसांच्या बाबतीतील पुरावा ग्रासी व त्यांचे इटालियन सहकारी यांनी पुरा केला.

१९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. ग्रासी यांनी आपले श्रेय हिरावले हा ग्रह मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. प्रयोगशाळेत चुकलेले मत टाकून देणारा हा मनुष्य माणसांविषयीचे मत बदलावयास तयार नव्हता, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनला त्यांचे देहावसान झाले.

मुंबईकर वाचकांसाठी एक गोष्ट सांगावयाची राहिली. डास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गटार येते. परंतु १९११ च्या अहवालात डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ दाखविले ते घरोघरीच्या विहिरींत, स्वच्छ पाण्यात. ज्या विहिरींची पूजा होत असे, त्या बुजवाव्यात वा झाकाव्यात हे ऐकून शहरात मोठा विरोध झाला. बहुतेक विहिरी कालांतराने गेल्या. तो डास गेला नाही. आता तो गच्चीवरच्या, झाकण नीट न बसलेल्या टाकीत अंडी घालतो.