कुकरच्या शिट्टीमागचा माणूस : डेनिस पापिन

मी धाराशिवचा. रविवारी घरात उस्मानाबादी बोकडाचं मटण असतं. आजी ते चुलीवर पातेल्यात तासन् तास शिजवायची, आई कुकरच्या पाच-सहा शिट्ट्यांत उरकते. मटण तेच, मग एवढा फरक का? याचं उत्तर साडेतीनशे वर्षं जुनं आहे.

आधी मटणाचं गणित

मटण तापलं की लगेच मऊ होत नाही, उलट आधी कडक होतं. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्नायूंमधली प्रथिनं आवळतात आणि पाणी बाहेर पडतं. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन म्हणजे तीन धाग्यांचा पिळलेला दोरच. तोही उलगडतो आणि आकसतो. नंतर वेळ मिळाला की त्याचंच जिलेटिन होतं आणि मटण मऊ पडतं. तापमान जास्त असेल तर हे काम झपाट्याने होतं.

अडचण अशी की उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. आपलं धाराशिव तर बालाघाटच्या डोंगरावर, त्यामुळे इथे ते ९८ च्या आसपासच उकळतं.

पापिन यांनी काय केलं?

डेनिस पापिन १६४७ मध्ये फ्रान्समधल्या ब्ल्वा गावाजवळ जन्मले. शिकले डॉक्टरकी, पण मन रमलं यंत्रांत. पॅरिसमध्ये त्यांनी हायगेन्स यांच्या हाताखाली काम केलं, मग लंडनला रॉबर्ट बॉइल यांच्याकडे गेले. तिथे १६७९ मध्ये त्यांनी घट्ट झाकणाचं भांडं बनवलं. वाफ कोंडली, दाब वाढला आणि पाणी १०० अंशांच्या वर तापलं. मांसच काय, हाडंसुद्धा मऊ झाली, कारण हाडांतही कोलॅजेन असतंच. फेकून द्यायच्या हाडांतून स्वस्त अन्न मिळावं, ही त्यांची धडपड होती.

पण कोंडलेली वाफ भांडं फोडू शकते. म्हणून त्यांनी झाकणाच्या भोकावर वजन ठेवलं. दाब जास्त झाला की वजन उचललं जायचं आणि वाफ निघून जायची. हाच सेफ्टी व्हॉल्व्ह. आपल्या कुकरची शिट्टी याच तत्त्वावर चालते.

झाकण उचलणाऱ्या या वाफेकडून काम करून घेता येईल, हेही त्यांनी ओळखलं. १६९० मध्ये जर्मनीत असताना त्यांनी वाफेवर सरकणाऱ्या दट्ट्याची कल्पना मांडली. पुढची वाफेची इंजिनं याच वाटेने आली.

नशिबाने मात्र साथ दिली नाही. ते प्रोटेस्टंट होते. १६८५ मध्ये फ्रान्सने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि मायदेशाची दारं बंद झाली. १७०७ मध्ये त्यांनी बांधलेली चाकांची बोट जर्मनीतल्या नावाड्यांनी मोडून टाकली. १७१३ च्या सुमारास ते लंडनमध्ये गरिबीतच गेले.

म्हणून एक करा मित्रांनो. पुढच्या वेळी कुकर लावण्याआधी शिट्टीखालची नळी उजेडाकडे धरून बघा. आरपार दिसलं तरच झाकण लावा. डाळीचा एक कण तिथे अडकला, तर पापिन यांनी शोधलेली वाटच बंद होते.