'ब्रँडीची बाटली' आणि मास्टर विनायक

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तरीही येथील एखाद्या शिक्षकाने किंवा कारकुनाने जुन्या बाजारातून 'ब्रँडीची बाटली' घरी आणली, तर पोलिसांना हरकत घेता येणार नाही. कारण ती १९३९ सालच्या चित्रपटाची गाण्यांची पुस्तिका असेल. विस्मृत विनोदी चित्रपटांमागे माणसे अशी का धावतात, हे समजण्यासाठी त्याचे दिग्दर्शक मास्टर विनायक यांचे चरित्र पाहावे.

विनायक दामोदर कर्नाटकी १९०६ साली कोल्हापुरात जन्मले. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त (१९३२) त्यांनी नारद रंगविला. १९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह 'हंस पिक्चर्स' उभारली. खांडेकरांच्या कथेवरील 'छाया' हे तिचे पहिले चित्र गंभीर होते. १९३८ मध्ये अत्र्यांच्या कथेवरील 'ब्रह्मचारी' आला. महात्माजी त्या वेळी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहत होते आणि ब्रह्मचर्य हा आदराने बोलण्याचा विषय होता. अशा वेळी व्रत घेऊन प्रेमात पडणारा औदुंबर पडद्यावर आणणे हे धाडसच होय. चर्चा मात्र झाली ती मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाची! पुढल्या वर्षी मुंबईत दारूबंदी आली. त्याच वर्षी बाटलीच्या शोधात वणवणणारा दामुअण्णा मालवणकरांचा भोळा नायकही आला. १९४० मध्ये चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ 'लग्न पाहावे करून'मधून पडद्यावर अवतरले.

त्या काळचे आदर्श आपल्याला पाठ्यपुस्तकांतून कळतात. ते आदर्श पाळताना सामान्य गृहस्थाची उडालेली तारांबळ पाठ्यपुस्तकात नसते. ती या चित्रांत आहे. संग्राहकाला हवी असते ती हीच.

पुढे विनायकांनी 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. १९४२ मध्ये पितृछत्र हरपलेल्या लता मंगेशकरांना तेथेच काम मिळाले. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, एकेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्या काळची फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेणारी, निगा न राखल्यास कुजणारी. तिच्यातून चांदी निघत असल्याने जुन्या प्रती भंगारातही जात. गंभीर चित्रांना निदान प्रतिष्ठेचा आधार होता. हसविणाऱ्या चित्रांची कीव कोण करणार? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तेव्हा विनायकांना जाऊन सतरा वर्षे होत आली होती.