एकविसाव्या वर्षी पेशवा, त्रेचाळिसाव्या वर्षी पेन्शनर

तुळशीबागेत कानातले, कुर्ते आणि मोबाइलची कव्हरं यांची खरेदी उरकून थोरल्या रस्त्याला लागलात की एक लाकडी कोरीव दर्शनी भागाचा वाडा लागतो. विश्रामबाग वाडा. त्याच्यासमोर गाडी लावायला जागा मिळणं हेच मुळात भाग्य, त्यामुळे वाड्याकडे बघायला कोणाला वेळ? पण हा वाडा ज्याने हौसेने बांधून घेतला आणि जो इथे जेमतेम अकरा वर्षं राहिला, त्याच्या नावामागे पुणेकरांनी दोनशे वर्षांपासून एक विशेषण लावून ठेवलंय. पळपुटा.

दुसरा बाजीराव. शेवटचा पेशवा.

सिनेमावाला बाजीराव तो हा नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. तो थोरला बाजीराव याचा आजोबा. आजोबांनी शनिवारवाडा बांधला, नातवाच्या काळात त्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. मधे शंभर वर्षंही गेली नाहीत.

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला सांगतात की भारी हेडलाइन कधी कधी अख्खी बातमी गिळून टाकते. ‘पळपुटा’ ही तशीच हेडलाइन आहे. खोटी नाही, पण तिच्यामुळे बाकीचं कोणी वाचतच नाही. आणि बाकीचं वाचण्यासारखं आहे.

बाजीरावाचा जन्म १७७५ च्या जानेवारीत झाला, तोही पुण्यात नाही, माळव्यातल्या धारला. कारण त्याचे आईवडील तेव्हा पुण्यात तोंड दाखवण्याच्या स्थितीत नव्हते. वडील रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. आई आनंदीबाई. १७७३ च्या गणेशोत्सवात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याचा आळ या दोघांवर होता. ‘ध’ चा ‘मा’ ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो; ती कागदोपत्री किती खरी यावर वाद आहेत, पण पुण्याने तेव्हाच निकाल लावून टाकला होता. म्हणजे बाळ जन्माला आलं तेच बदनामीत.

पुढचं बालपण आणि तारुण्य नजरकैदेत. राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावला गेले तेव्हा हा आठ वर्षांचा. मग नाशिकजवळचं आनंदवल्ली, पुढे जुन्नरचा शिवनेरी. बरोबर धाकटा भाऊ चिमाजीआप्पा आणि दत्तक भाऊ अमृतराव. बाहेर नाना फडणवीस राज्य चालवत होते आणि राघोबाच्या मुलांना सत्तेच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, हा त्यांचा पक्का निर्णय होता. मुलगा संस्कृत शिकला, गोड बोलायला शिकला, व्रतवैकल्यं शिकला. कोणावर विश्वास ठेवायचा नाही हेही शिकला. राज्यकारभार मात्र कोणी शिकवला नाही, फौजेबरोबर कोणी पाठवलं नाही. पुढे त्याने जे केलं त्याची ही सबब होऊ शकत नाही, पण त्याचं बरंचसं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. मूलबाळ नव्हतं. घराण्यात आता उरले ते राघोबाचे मुलगेच. नानांनी वर्षभर नाना खटपटी केल्या. (शब्दखेळ करायचा नव्हता, झाला.) चिमाजीआप्पाला दत्तक देऊन काही महिने पेशवाही केलं. पण शेवटी डिसेंबर १७९६ मध्ये गादीवर बसला बाजीरावच. वय एकवीस. आपल्यापैकी बरेच जण त्या वयात इंटर्नशिपसाठी मेल टाकत असतात.

पण ही गादी फुकट मिळाली नव्हती. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांना पाठिंब्याबद्दल त्याने दोन कोटी रुपये कबूल केले होते. तिजोरीत तेवढे पैसे नव्हतेच. मग ठरलं असं की शिंद्यांनी पुण्यातल्या श्रीमंतांकडून परस्पर वसूल करावेत. आधी ३१ डिसेंबर १७९७ ला नाना फडणवीसांना दगा देऊन कैद केलं गेलं आणि मग शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे शहरात सुटले. सावकार, कारभारी, ज्याच्या घरात सोनंनाणं असल्याचा वास येईल त्याला धरून छळ. काही जण त्यात मेले. राजाने आपल्याच राजधानीची लूट दुसऱ्याला ठेक्याने द्यावी, याला काय म्हणायचं? मला विचाराल तर बाजीरावाचा खरा गुन्हा इथला आहे. पळणं त्यामानाने किरकोळ.

नाना सुटले, पण १३ मार्च १८०० ला वारले. त्यांच्याबरोबर राज्यातलं शहाणपण गेलं असं तेव्हाचे इंग्रज अधिकारीही म्हणत. आता पुण्यात शिंदे म्हणतील ते, आणि शिंदे-होळकरांचं हाडवैर. एप्रिल १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांचा भाऊ विठोजी पेशव्यांच्या हाती लागला. त्याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायाला बांधून मारलं. बाजीराव ते बघत होता. वडिलांच्या वेळच्या जुन्या रागांचा हिशेब त्याने असा एकेक करून चुकता केला, आणि प्रत्येक वेळी किंमत राज्याने मोजली.

यशवंतराव फौज घेऊन आलेच. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. आज जिथे मगरपट्टा आणि आयटी कंपन्यांच्या काचा चमकतात त्या हडपसरच्या बाजूला लढाई झाली आणि पेशवे-शिंद्यांची फौज संध्याकाळच्या आत उधळली गेली. बाजीराव निघाला तो आधी सिंहगड, तिथून घाट उतरून कोकणात महाडकडे, मग सुवर्णदुर्ग आणि इंग्रजांच्या मदतीने समुद्रमार्गे वसई. ‘पळपुटा’ची सुरुवात ही. यशवंतराव मात्र पेशव्याने परत यावं म्हणून निरोप पाठवत राहिले. म्हणजे परतीचा रस्ता अगदीच बंद नव्हता. बाजीरावाला तो दिसला नाही, किंवा विठोजीला मारल्यावर त्या रस्त्याने जाण्याची छाती झाली नाही.

३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. थर्टी फर्स्टला सही केलेला इतका महागडा कागद मराठी इतिहासात दुसरा नाही. इंग्रजांनी त्याला गादीवर परत बसवायचं, त्याच्याकडे सहा हजार पायदळाची कायमची फौज ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख त्याने तोडून द्यायचा आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध करायचं नाही, तह करायचा नाही. १३ मे १८०३ ला तो इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात पुण्यात परतला. शिंदे आणि भोसल्यांना हा तह मान्य नव्हता. त्याच वर्षी असईला शिंद्यांची फौज हरली. तिथे जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून गेला.

त्यानंतरची चौदा वर्षं पुण्यात वरवर शांतता होती. या काळात बाजीरावाने विश्रामबाग बांधला, श्रावणात पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना लाखोंची दक्षिणा वाटली, तीर्थयात्रा केल्या. महालांची वसुली लिलावाने जास्त बोली लावणाऱ्याला द्यायची पद्धत त्याने सर्रास केली. बोली जिंकणारा पुढच्या वर्षी आपण असू की नाही या भीतीने या वर्षीच रयतेला पिळून घ्यायचा. १८०३-०४ च्या दुष्काळातून जेमतेम वाचलेल्या गावांवर हे आलं. तिजोरी भरली, गावं रिकामी झाली.

१८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर, आजच्या सीओईपीच्या बाजूला त्याची रेसिडेन्सी. माणूस अभ्यासू, हुशार आणि कान सगळीकडे. बाजीरावाच्या बाजूला त्र्यंबकजी डेंगळे. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन वाटाघाटींसाठी इथे आले होते, इंग्रजांच्या हमीवर. २० जुलैला पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय त्र्यंबकजीवर. इंग्रजांनी त्याला मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं. तिथून तो १८१६ मध्ये निसटला. सांगतात की एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातच पळून जायचा बेत सांगायचा. पहारेकरी गोरे, त्यांना मराठी कुठे कळतंय! वेब सिरीजला शोभेल असा हा प्रसंग अजून कोणी कसा उचलला नाही कोण जाणे.

शिक्षा म्हणून जून १८१७ मध्ये पुण्याचा तह बाजीरावाच्या गळी उतरवला गेला. आपण मराठी मंडळाचे प्रमुख नाही असं त्यात त्याला लिहून द्यावं लागलं. आता मात्र त्याने फौज जमवायला घेतली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये फिरताना जो गणेशखिंडीचा उतार लागतो, त्याच्या पुढचं मैदान. बापू गोखले सेनापती. समोर इंग्रजांचे सुमारे २,८०० लोक, इकडे त्यांच्या कित्येक पट. पण मराठा घोडदळाचा मोठा हल्ला दलदलीत फसला, जरीपटक्याचे मोरो दीक्षित पडले. रेसिडेन्सी मात्र पेटवली गेली आणि एल्फिन्स्टनचे कागद, पुस्तकं जळून गेली. पेशवा कुठे होता? पर्वतीवर. तिथून लढाई दिसत होती. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं. चढवण्यात पुढे होते बाळाजीपंत नातू, आपल्यातलेच.

यानंतरचे सात महिने बाजीराव पुढे आणि इंग्रज मागे. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला कंपनीच्या लहानशा तुकडीने पेशव्यांच्या मोठ्या फौजेला दिवसभर रोखलं. त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पेशवाईत त्यांच्या जातीला जे भोगावं लागलं ते ध्यानात घेतलं तर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्या विजयस्तंभापाशी का गेले ते समजतं. पेशवाई बुडाल्याचं दुःख सगळ्यांचं एकसारखं नव्हतं. काहींना ते नव्हतंच. पुण्याचा इतिहास सांगताना आपण हे पान भरभर उलटतो.

फेब्रुवारीत सोलापूरकडच्या आष्टीला बापू गोखले लढता लढता पडले. बाजीराव निसटला, पण साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवा कितीही मोठा झाला तरी कागदोपत्री छत्रपतींचा पंतप्रधान. धनीच समोरच्या गोटात गेल्यावर उरलं काय? विदर्भ, मग नर्मदेकडे, आणि ३ जून १८१८ ला असीरगडजवळ त्याने जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली.

इथे इटलीच्या राजाची आठवण होते. १९४३ च्या सप्टेंबरात तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल जर्मनांच्या भीतीने रोम आणि फौज दोन्ही वाऱ्यावर सोडून ब्रिंडिसीला निघून गेला. त्याआधी वीस वर्षं मुसोलिनीच्या कागदांवर त्याने सह्या केल्या होत्या. २ जून १९४६ ला लोकांना विचारलं गेलं, राजा हवा की प्रजासत्ताक? सुमारे १ कोटी २७ लाख मतं प्रजासत्ताकाला पडली, राजाला १ कोटी ७ लाख. इटलीत पहिल्यांदाच बायकांनीही देशपातळीवर मत दिलं. पुण्याला असं कोणी विचारलं नाही. कसब्यातल्या कासाराला, मुळशीच्या कुणब्याला, कोरेगावच्या महाराला. एक मालक गेला, दुसरा आला.

माल्कमने वर्षाला आठ लाखांची पेन्शन कबूल केली. कलकत्त्याच्या वरिष्ठांना ती फार वाटली, पण हा काही फार जगणार नाही असा त्यांचा अंदाज होता. अंदाज साफ चुकला. कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला, बाजीराव ३२ वर्षं जगला. हिशेब करा, अडीच कोटींच्या घरात जातो. मराठी माणसांचं एक छोटं पुणंच तिथे वसलं. घाट, देवळं, स्नानसंध्या, अन्नछत्र आणि दारात कंपनीचा कमिशनर. लग्नंही बरीच केली, पण मुलगे जगले नाहीत. १८२७ मध्ये त्याने धोंडोपंताला दत्तक घेतलं. त्याच वाड्यात मोरोपंत तांब्यांची मनू वाढली, जी पुढे झाशीला गेली. तात्या टोपेही तिथलेच.

गंमत म्हणजे इकडे विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्येच इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा सुरू केली होती, तीही बाजीरावाच्या दक्षिणेच्या रकमेतला भाग वळवून. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज आलं. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला. ही बातमी बिठूरला पोचली असणारच.

जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव गेला, वयाच्या ७६ व्या वर्षी. पुन्हा कधी पुण्यात पाऊल टाकता आलं नाही. डलहौसीने पेन्शन तिथल्या तिथे बंद केली: ती बाजीरावाची होती, दत्तक मुलाची नव्हे. त्या धोंडोपंताने अर्ज केले, आपला वकील अझीमुल्ला खान याला थेट लंडनला पाठवलं. उत्तर नकाराचंच आलं. अझीमुल्ला परत आला. जून १८५७ मध्ये कानपूर पेटलं, आणि बिठूरच्या वाड्यात त्या दत्तक मुलाने स्वतःला पेशवा म्हणवून घेतलं. त्याला आपण नानासाहेब म्हणून ओळखतो. वाडा इंग्रजांनी त्याच वर्षी पाडून टाकला.