डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : कर्करोगावरील औषधाचे एक शिल्पकार

भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले डॉ. सुब्बाराव मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेस गेले. तेथील लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाचे कार्य रोखणारी औषधे घडविली. या आम्लाविना पेशींचे विभाजन खुंटते. म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आधी मरतात. १९४८ मध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिनने रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त बालकांत सुधारणा झाल्याचे नोंदविले. ती अल्पकाळच टिकली, कारण औषधाला न जुमानणाऱ्या पेशी उरत. त्याच वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव यांचे निधन झाले. नोबेलने त्यांची दखल घेतली नाही, ही खंत उरतेच. त्यांच्या चमूच्याच मेथोट्रेक्सेटने १९५६ मध्ये वारेच्या पेशींतून उद्भवलेला, शरीरभर पसरलेला कर्करोग नाहीसा झाला. मंदगतीने वाढणाऱ्या अनेक गाठींत मात्र बहुतांश पेशी विभाजनाविना निद्रिस्त असतात. तेथे हे औषध अपुरे पडते.