शिरोड्याचे मास्तर

वांकिडीत आमच्या घरी मराठी, शाळेत तेलुगू, आणि लेखक व्हायचंय म्हटलं की सगळ्यांचं एकच म्हणणं: मग मुंबई-पुण्याला जा! हे ऐकलं की मला वि. स. खांडेकर आठवतात.

जन्म सांगलीचा, ११ जानेवारी १८९८. मूळ नाव गणेश आत्माराम. काकांना दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. फर्ग्युसनमध्ये शिकले, पण पदवी काही हाती आली नाही. १९२० साली ते शिरोड्याला शाळामास्तर म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथेच राहिले. गोव्याच्या हद्दीजवळचं, मिठागरांचं गाव ते. अठरा वर्षं! पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० मध्ये आली, त्याच वर्षी शिरोड्यात मिठाचा सत्याग्रहही झाला. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ याच काळातल्या.

सिनेमा त्यांच्याकडे आला तोही मास्तरकीच्या दिवसांतच. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी ‘छाया’ (१९३६) लिहिला. दिग्दर्शक होते मास्टर विनायक. आजारी बायकोच्या औषधासाठी बाप चोरी करतो आणि त्याचा कलंक मुलांना भोगावा लागतो, अशी गोष्ट. पुढे ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ आले. ‘ज्वाला’ पडला. पण मला वाटतं, पडद्यासाठी लिहिल्यामुळे खांडेकर लहान झाले नाहीत. गरिबाचं दुःख त्यांनी दोन्हीकडे सारखंच मांडलं. कधी कधी भाषा फार अलंकारिक होते, हे मात्र मान्य करायला हवं.

खलील जिब्रानच्या रूपककथा त्यांनी मराठीत आणल्या. स्वतःही पुष्कळ लिहिल्या. रविवारच्या मिस्सेत येशूचे दाखले ऐकत वाढलेल्या मला त्या लगेच ओळखीच्या वाटल्या. त्यांच्या कादंबऱ्या का. श्री. श्री. यांनी तमिळमध्ये नेल्या आणि तिकडचे वाचकही त्यांना आपलंच मानू लागले.

‘ययाति’ १९५९ची. तिला साहित्य अकादमी मिळालं, पुढे १९७४चं ज्ञानपीठ. मराठीला मिळालेलं ते पहिलं. तोपर्यंत त्यांची दृष्टी गेली होती, तरी ते दुसऱ्याला सांगून लिहून घेत. २ सप्टेंबर १९७६ला ते गेले.

आजीला मोतीबिंदू झालाय. सुट्टीत घरी गेलो की मी तिला ‘ययाति’ वाचून दाखवतो. सध्या शर्मिष्ठेपाशी थांबलोय. देवयानीचा राग आला की आजी मध्येच पुस्तक मिटायला लावते.